पिकते तेथे विकत नाही

गेल्या स्नेहसंमेलनातील वादविवाद स्पर्धेचा विषय होता, 'परदेशी प्रशिक्षकांवाचून भारतीय खेळांना तरणोपाय नाही'. मी विषयाच्या बाजूने बोललो. टाळ्या बऱ्या पडल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिकही पदरात पडले. माझा हुकमाचा एक्का होता हॉकी. १९८० च्या मॉस्कोनंतर ऑलिंपिक पदकासाठी ४१ वर्षे तिष्ठत बसलेल्या भारताला २०२१ साली टोकियोत कांस्यपदक मिळाले ते ग्रॅहॅम रीड ह्या ऑस्ट्रेलियन प्रशिक्षकाच्या हाताखाली. २०२४ साली पॅरिसला ते पुन्हा मिळाले ते दक्षिण आफ्रिकेच्या क्रेग फुल्टन यांच्या हाताखाली. हे सांगून मी, वक्तृत्वाच्या सर्व नियमांना अनुसरून, क्षणभर थांबलो होतो आणि सभागृहावरून नजर फिरवली होती.

स्पर्धा संपल्यावर सायकल काढत असता एका गृहस्थांनी मला हटकले. आपल्या नातीची नाटिका पाहायला ते आले होते. फौजेतून निवृत्त झालेले हे सुभेदार, रेजिमेंटच्या संघातून बरीच वर्षे हॉकी खेळलेले, आणि आता रोज सकाळी गावातल्या दहा-पंधरा मुलांना हॉकी शिकवणारे. शिकवतात ते विनामूल्य, हे वेगळे सांगायला नकोच. ते म्हणाले, "बोलला तं चांगला तू. पण मले एक सांग, तुहा तो गोरा मास्तर पुलगावले सकाळी साडेपाचले येईन काय?"

मी हसलो. तेही हसले. उत्तर मात्र मला सुचले नाही. घरी जाऊन भाषणाचा कागद पुन्हा वाचला. त्यातले आकडे खरे होते, नावे खरी होती, आणि तरीही कोठेतरी गफलत झाली होती. ती कोठे झाली हे शोधण्याचा हा प्रयत्न आहे. आपल्या वार्षिकांकात खेळावरचा लेख म्हटला की बहुधा तो क्रिकेटवर असतो. तेव्हा संपादकांनी ह्या अपराधाबद्दल क्षमा करावी.

सुरुवात धनराज पिल्लेपासून करतो. (त्याचा एकेरी उल्लेख प्रेमापोटी आहे, हे क्रीडारसिकांना सांगायला नको.) त्याची गोष्ट पुलगावच्या माणसाला फोड करून सांगावी लागत नाही. आपल्याकडे दारूगोळ्याचा डेपो आहे. पुण्याजवळच्या खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. आपल्याकडे कॅम्पातली क्वार्टर्स, तिकडे कारखान्याची वसाहत. अशा वसाहतींत देशभरचे लोक येऊन राहतात, घरात एक भाषा बोलतात आणि गल्लीत दुसरी. १६ जुलै १९६८ रोजी जन्मलेला धनराज असाच एका तमिळ घरातला. वडील नागलिंगम पिल्ले कारखान्याच्या मैदानाची निगा राखणारे कामगार. म्हणजे मैदान जवळजवळ घरचेच, पण स्टिक विकत घ्यायला पैसे नाहीत. मोडक्या स्टिका, कोणीतरी टाकून दिलेले चेंडू आणि पायाला चिकटणारी जमीन, एवढ्या सामग्रीवर तो भावांबरोबर खेळ शिकला. डोळ्यांपुढे आदर्श मोहम्मद शाहिदचा. थोरला भाऊ रमेश मुंबईला आर. सी. एफ. च्या संघात होता. त्याच्या पाठोपाठ धनराज मुंबईला गेला आणि पुढे महिंद्रच्या संघात आला. तेथे त्याला जोकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन मिळाले. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

१९८९ ते २००४ ह्या काळात धनराज भारताकडून ३३९ सामने खेळला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा, चार चॅम्पियन्स ट्रॉफी. हा चाराचा पाढाच झाला. ह्याखेरीज पोटापाण्यासाठी तो परदेशी क्लबांतून खेळला. लंडनचे इंडियन जिमखाना, फ्रान्समधील लियाँ, जर्मनीतील श्टुटगार्ट, मलेशियातील क्लब, ढाक्याचे अबाहानी. 'व्यावसायिक हॉकीपटू' हा शब्द आपल्याकडे रुळण्यापूर्वीच तो व्यावसायिक झाला होता. देशाकडून खेळून मान मिळत होता आणि परदेशात खेळून चूल पेटत होती, असा त्याचा सरळ अर्थ.

असा माणूस खेळ संपल्यावर जेथे जन्मला तेथे शिकवू पाहतो, तेव्हा आपण त्याच्या हाती काय देतो? मुंबईत हॉकीची अकादमी काढायची तर पैसा हवा. तो उभा करण्यासाठी मुंबईभरच्या कचेऱ्यांतून प्रिंटरची वापरलेली कार्ट्रिजे गोळा करून ती युरोपातल्या एका कंपनीला पुनर्वापरासाठी विकण्याची मोहीम काढावी लागली. कार्ट्रिजला मराठीत काडतूसच म्हणतात. दारूगोळा कारखान्याच्या सावलीत वाढलेल्या मुलाने रिकामी काडतुसे वेचून हॉकी शिकवायची तयारी करावी, हा विनोद मी रचलेला नाही. पुढे अकादमीचे मोठे काम त्याने केले ते गुजरात सरकारच्या क्रीडा प्राधिकरणासाठी. गुजरातचे त्याबद्दल अभिनंदनच केले पाहिजे. पण पीक खडकीचे आणि कणगी भरली गुजरातेत! पिकते तेथे विकत नाही म्हणतात ते खोटे नव्हे.

आता माझ्या भाषणात जाणूनबुजून गाळलेला भाग. डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकला धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनंतर आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी. तो बरोबरीत सुटला, निकाल टायब्रेकरवर लागला आणि गोलरक्षक आशिष बलालने भारताला तारले. प्रशिक्षक महाराज किशन कौशिक भारतीयच, मॉस्कोच्या सुवर्णविजेत्या संघातले. परदेशी माणसाचा हात त्या पदकाला लागलेला नाही. आणि त्यानंतर काय झाले? विमानतळावरचे हार सुकायच्या आत धनराज, बलाल आणि आणखी काही प्रमुख खेळाडू संघाबाहेर होते. कौशिकही गेले. खेळाडूंनी मानधनाबद्दल तोंड उघडले हा त्यांचा गुन्हा. हरलेल्या प्रशिक्षकाला काढतात हे मला ठाऊक होते. जिंकलेल्यालाही काढतात हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. बलाल यांनी पुढे बंगळूरला अकादमी काढून गरिबांच्या मुलांना हॉकी शिकवायला घेतली. ह्या माणसांना राग येत नाही असे नाही, पण राग आल्यावरही ती मैदानाकडेच जातात, हे नवल आहे.

बँकॉकच्या त्या संघाच्या गोलरक्षकांना शिकवणारे होते मीर रंजन नेगी. त्यांची हकीकत 'चक दे इंडिया' ह्या २००७ च्या चित्रपटामुळे अर्धीमुर्धी सर्वांना माहीत आहे. चित्रपट काही त्यांचे चरित्र नव्हे, परंतु त्यातल्या मुलींना स्टिक धरायला शिकवले ते नेगींनीच. १ डिसेंबर १९८२ रोजी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला ७-१ असे हरवले. गोलजाळ्यात नेगी होते. सात गोल झाले म्हणजे माणूस विकला गेला असलाच पाहिजे, असे लोकांनी ठरवून टाकले. पैसे घेतले, देश विकला, असे काय वाटेल ते बोलले गेले, छापले गेले. सात गोल होण्यासाठी बचावफळी, मधली फळी आणि पुढची फळी ह्या सर्वांनी हातभार लावावा लागतो, एवढा विचार करायला कोणाला सवड नव्हती. (जाता जाता : त्याच स्पर्धेत भारतीय महिलांनी हॉकीचे सुवर्णपदक जिंकले, आणि त्यांची कर्णधार पुण्याची एलिझा नेल्सन होती. पुरुषांच्या पराभवावर रकाने भरले, हे सुवर्ण मात्र आपल्यापैकी कितीजणांना ऐकून तरी माहीत आहे? मलाही नव्हते.) नेगी खेळातून गेले ते सोळा वर्षांनी परतले, आणि ज्याच्यावर सात गोल झाले त्याने शिकवलेल्या गोलरक्षकाने बँकॉकला सुवर्ण राखले. २००२ साली मँचेस्टरला राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाच्या गोलरक्षकांनाही नेगींनीच तयार केले होते.

आता कार्व्हालो. लॉस एंजेलिसच्या १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये खेळलेला हा मुंबईचा खेळाडू २००७ साली भारताचा प्रशिक्षक झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात चेन्नईला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाचा ७-२ असा फडशा पाडला. कौतुक झाले. सहा महिन्यांनी, ९ मार्च २००८ रोजी, चिलीतील सांतियागो येथे बीजिंग ऑलिंपिकच्या पात्रता सामन्यात ग्रेट ब्रिटनकडून २-० ने हार झाली. १९२८ च्या ॲमस्टरडॅमपासून कधी चुकली नव्हती ती वारी चुकली. ८० वर्षांत प्रथमच ऑलिंपिकच्या हॉकीत भारत नव्हता. कार्व्हालोंनी राजीनामा दिला. जेमतेम वर्षभराची कारकीर्द. अनेक वर्षांच्या दुरवस्थेचे खापर एका सामन्याच्या निमित्ताने एका डोक्यावर फुटले.

येथे माझा प्रतिस्पर्धी वक्ता उठून म्हणेल, आणि त्याचे म्हणणे रास्त आहे, की परदेशी प्रशिक्षकांना तरी आपण कोठे धड वागवले? २००४ च्या अथेन्सच्या काही आठवडे आधी राजिंदर सिंग यांना काढून जर्मनीचे गेऱ्हार्ड राख आणले, भारत सातवा आला, राख गेले. त्यानंतर स्पेनचे होझे ब्रासा, ऑस्ट्रेलियाचे मायकेल नॉब्स व टेरी वॉल्श, हॉलंडचे पॉल व्हॅन ॲस अशी रीघ लागली. व्हॅन ॲस तर २०१५ साली काही महिन्यांतच गेले. टोकियोचे मानकरी रीडसुद्धा जानेवारी २०२३ च्या विश्वचषकात भारत नववा आला तेव्हा पायउतार झाले. म्हणजे उतावळेपणात आपण आपपरभाव करत नाही, हे कबूल.

तरीही एक फरक उरतोच, आणि माझ्या भाषणात तोच सुटला होता. परदेशी प्रशिक्षक हरला तर सामान आवरतो आणि आपल्या गावी जातो. तेथे त्याला कोणी सांतियागोबद्दल विचारत नाही. घरच्या प्रशिक्षकाला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत दूध आणायला जायचे असते. त्याच्या मुलांना त्याच शाळेत बसायचे असते. जेथे जन्मलो तेथे शिकवायला उभे राहणे म्हणजे जेथे राहायचे तेथेच हरण्याची तयारी ठेवणे. नेगींनी १९८२ नंतर हे भोगले आणि तरी ते परत आले. ह्या धैर्याला आपण पगारपत्रकात कोणत्या रकान्यात धरतो? माझ्या मते धरतच नाही. उलट, देशाने तुला नाव दिले, आता फेड, असा आपला हिशेब असतो. परदेशी माणसाशी आपण करार करतो. घरच्याकडून सेवेची अपेक्षा करतो. सेवेला मुदत नसते, मोबदला नसतो, आणि चूक झाली की क्षमाही नसते.

मग टोकियो आणि पॅरिस? ती पदके मी नाकारत नाही, ते कृतघ्नपणाचे होईल. १९६८ व १९७२ नंतर लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये हॉकीचे पदक भारताला ५२ वर्षांनी मिळाले, हे लहान काम नव्हे. पण रीड २०१९ च्या एप्रिलपासून संघाबरोबर होते, म्हणजे टोकियोपूर्वी त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ मिळाला. आणि त्यांचे साहाय्यक शिवेंद्र सिंग व पीयूष दुबे हे भारतीय होते. हा वेळ आणि ही जोड भारतीय प्रशिक्षकाला द्या आणि मग तुलना करा. दोन्ही ऑलिंपिकमधील गोलरक्षक पी. आर. श्रीजेश पॅरिसनंतर निवृत्त होऊन ज्युनियर संघाचा प्रशिक्षक झाला आणि २०२४ च्या डिसेंबरातच मस्कतला त्याच्या संघाने पाकिस्तानला हरवून ज्युनियर आशिया चषक जिंकला. एका चषकाने सिद्धांत ठरत नाही, हे मलाही कळते.

परंतु सुभेदारांचा प्रश्न भारतीय संघाबद्दल नव्हताच. तो साडेपाच वाजताच्या पुलगावबद्दल होता. परदेशी प्रशिक्षकाला मुलगा भेटतो तो विशी गाठलेला, शिबिरात निवडून आलेला. त्याच्या आधीच्या दहा वर्षांचे काय? १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली. त्या वर्षी भारत सातवा आला. आमची मुले मात्र अजून मुरुमावर आणि काळ्या मातीवर खेळतात. पावसाळ्यात ही माती बुटाला अशी धरते की पाय उचलला तर बूट मागे राहतो, आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात त्यात चेंडू अडकतो. अशा जमिनीवर शिकलेल्या मनगटाला नंतर सपाट हिरवळीवर कसे न्यायचे, हे फक्त तो शिकवू शकतो जो स्वतः तसा गेला आहे. खडकीच्या चिकट जमिनीवरून धनराज गेला. हे ज्ञान कोणत्याही परदेशी पुस्तकात नाही, कारण ते पुस्तक लिहिणाऱ्यांनी ही जमीन पाहिलेली नाही. आपल्या कुस्तीने हे केव्हाच ओळखले होते. तालमीतला वस्ताद गावचाच असे. त्याला पोराचे घर, खुराक, बापाची शेती, सारे माहीत असे. आणि वस्तादाने शिष्याला बाहेरच्या फडात नेले तरी वस्ताद बदलत नसे.

हे सारे लिहिण्यापूर्वी मी आठ दिवस सकाळी मैदानावर जाऊन आलो. पहिल्या दिवशी उशीर झाला म्हणून सुभेदारांनी मला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या. पारितोषिकाचा उल्लेख करायला मला दम उरला नाही. मुले चौदा, स्टिका नऊ. तीन स्टिकांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. पाच मुले कडेला बसून असतात. सुभेदार शिटी वाजवतात आणि स्टिका हातोहात बदलतात. "बसला त्यानं पाहाचं," ते म्हणतात, "पाहूनबी शिकते माणूस." बसलेल्यांपैकी एका पोराला ते मध्येच विचारतात की आता चेंडू कोणाला द्यायला हवा होता. पोरगा चुकला तर रागवत नाहीत, पुन्हा पाहायला सांगतात. दोन मुली येतात. त्यांच्यापैकी एकीचा पुश-पास मुलांपेक्षा सरळ जातो. सात वाजता मुले शाळेला पळतात आणि सुभेदार चेंडू मोजून पिशवीत टाकतात. चेंडू हरवला तर पदरचे पैसे जातात.

मी त्यांना धनराजबद्दल विचारले. म्हणाले, "खेळ पाहिला हाये त्याचा. डोकं गरम होतं, पण चेंडू कसा ठंड्या डोक्यानं नेत होता." नेगींबद्दल विचारले तर थोडा वेळ गप्प राहिले. मग एवढेच म्हणाले, "गोलकीपरच्या मागं जाळंच असते, बाप्पा. त्याच्यामागं कोणी उभं नाही राहत."

आपल्या महाविद्यालयात एखाद्या विषयाला शिक्षक नसला की तासिका तत्त्वावर माणूस नेमतात. इंग्रजीला मिळतो, अर्थशास्त्राला मिळतो. मानधन तुटपुंजे असते हे आमच्या काही प्राध्यापकांना चांगलेच ठाऊक आहे, पण निदान हजेरीपत्रकावर नाव तरी असते. हॉकीला असा माणूस का नसावा? तो गावातच आहे, पहाटे उठतो, आणि त्याच्याकडे पदवी नाही एवढीच अडचण. धनराजचे तरी शालेय शिक्षण कितीसे झाले होते? येथे कोणी म्हणेल की पुलगावातून धनराज निघणार आहे का? मी म्हणतो, न निघो. चौदा मुलांना सरळ पास देता आला आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर यायची लाज वाटली नाही, तरी मला पुरे आहे.

मी आणि माझ्या वर्गातील सहा मित्रांनी जिमखाना समितीकडे अर्ज दिला आहे. तीन मागण्या आहेत : महाविद्यालयाचे मैदान सकाळी दीड तास ह्या मुलांसाठी खुले करावे, जिमखान्याच्या कपाटात कुलूपबंद पडलेल्या स्टिका वापरायला द्याव्यात, आणि सुभेदारांना तासाप्रमाणे मानधन द्यावे. तिसऱ्या मागणीची कुणकुण सुभेदारांना लागली तेव्हा ते माझ्यावर चिडले. पैसा कशाला, मी काय मागितला होता काय, म्हणाले. मी सांगितले की हा तुमचा प्रश्न नाही, आमचा आहे. तुम्ही नसाल तेव्हा दुसरा कोणी फुकट येणार नाही. त्यावर त्यांनी काही उत्तर दिले नाही, फक्त पिशवीतला एक चेंडू माझ्याकडे टाकला आणि स्टिक घ्यायला सांगितले.

अर्जावर अठ्ठावीस सह्या झाल्या आहेत. त्यात वादविवादात पहिला आलेला आणि माझ्या विरुद्ध बोललेला विद्यार्थीही आहे. समितीची बैठक अजून व्हायची आहे. ज्या प्राध्यापकांना सही करायची असेल त्यांच्यासाठी अर्जाची प्रत वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवली आहे.